ढकलपत्र खरं की खोटं: मोबाईलवर तपासायचं कसं आणि ग्रुपवर सांगायचं कसं?

अर्धविराम (धागाकर्ता)

दीडेकशे सदस्यांच्या एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपच्या अ‍ॅडमिनने हाताशी काय ठेवावं, यासाठी हा धागा काढतोय. ग्रुपवर सगळ्या वयाचे, सगळ्या मतांचे लोक आहेत. ढकलपत्रं (म्हणजे फॉरवर्ड केलेले मेसेज) रोजची. त्यात औषधोपचार, आपत्तीचे फोटो, कुणाच्या तरी तोंडी घातलेली वाक्यं आणि ‘नासाने जाहीर केलं’ छापाचा मजकूर असं सगळं येतं.

मला हवंय ते असं:

१. फोटो तपासण्याची नेमकी पद्धत. हातात फक्त मोबाईल आहे असं धरून.
२. व्हिडिओ आणि ट्विटचे स्क्रीनशॉट कसे तपासायचे?
३. एआयने बनवलेलं ओळखणारी साधनं कितपत भरवशाची?
४. खोटं निघालं तर ग्रुपवर कसं लिहायचं, की भांडण न होता लोकांच्या डोक्यात खरी गोष्ट राहील?

‘गूगल करून बघा’ एवढंच उत्तर नको. गूगलमध्ये काय टाकायचं इथेच गाडी अडते.

---

मुद्रितशोधक

फोटोपासून सुरुवात करतो, कारण सगळ्यात जास्त फसवणूक तिथे होते आणि पकडायलाही तेच सोपं.

बहुतेक खोट्या फोटोंमध्ये फोटो खोटा नसतोच. फोटो खरा असतो, खालची ओळ खोटी असते. पाच वर्षांपूर्वीच्या पुराचा फोटो कालचा म्हणून फिरतो, एका देशातली गर्दी दुसऱ्या देशातली म्हणून. त्यामुळे फोटो झूम करून सावल्या न्याहाळत बसण्यात अर्थ नाही, आधी एकच प्रश्न विचारायचा: हा फोटो याआधी कुठे आणि कधी दिसला होता?

पद्धत अशी. ढकलपत्रातला फोटो फोनमध्ये उतरवून घ्या. शक्यतो स्क्रीनशॉट नको, त्यात घड्याळाची पट्टी, पाठवणाऱ्याचं नाव आणि काळी किनार येते आणि शोधयंत्र त्याच्याशी जुळणारं काहीतरी आणून देतं. मग फोटो कातरा. वर चिकटवलेला मजकूर, लाल बाण, गोल, चॅनेलचा लोगो हे सगळं जेवढं काढता येईल तेवढं काढा. दोन-चार फोटो जोडलेले असतील तर प्रत्येक वेगळा करा, जोडलेला फोटो सबंध शोधला तर हमखास काही मिळत नाही.

आता गूगल लेन्स, म्हणजे फोटोवरून शोध घेणारं गूगलचं साधन. ते आधी ‘दिसायला साधारण असेच’ फोटो दाखवतं, त्यांचा उपयोग नाही. तंतोतंत जुळणाऱ्या फोटोंचा भाग वेगळा असतो, तो उघडा. तिथे काही नाही मिळालं तर टिनआय, हे फोटोवरून शोधणारं संकेतस्थळ. त्याचा साठा गूगलपेक्षा लहान आहे, पण निकाल ‘सर्वात जुने आधी’ असे लावता येतात. आपल्याला हवं असतं तेच. इमारती, पूल, चेहरे यांच्यासाठी यांडेक्स या रशियन शोधयंत्राचा फोटोशोध बऱ्याचदा गूगलच्या पुढे जातो.

तरीही काही नाही? फोटो आडवा उलटा करून, म्हणजे आरशात दिसतो तसा करून, पुन्हा शोधा. शोधयंत्राला चकवण्यासाठी फोटो मुद्दाम उलटवलेले असतात. पाट्यांवरची अक्षरं, गाडीचं स्टिअरिंग, शर्टाची बटणं बघितली की लक्षात येतं.

मूळ फोटोग्राफर सापडलाच पाहिजे असं नाही. घटना ज्या दिवशीची सांगितली आहे त्याच्या आधी हा फोटो जालावर एकदा जरी दिसला असेल, तरी दावा तिथेच निकालात निघतो.

पण नवखे लोक दोन ठिकाणी हमखास अडखळतात. एक, टिनआयवरची तारीख ही फोटो काढल्याची नसते. त्यांच्या यंत्राला तो जालावर पहिल्यांदा दिसला त्या दिवसाची असते. दोन, बातम्यांच्या संकेतस्थळांवर कडेला ‘आणखी वाचा’ची पट्टी असते आणि तिच्यातले फोटो रोज बदलतात. त्यामुळे कालचा फोटो दहा वर्षांपूर्वीच्या पानावर सापडल्याचा भास होतो. पान उघडा आणि फोटो बातमीच्या पोटात आहे की कडेच्या पट्टीत, ते डोळ्यांनी बघा. एवढं न बघता ‘हा फोटो २०१४ चा आहे’ असं ठोकून दिलं की आपणच नवीन खोटी बातमी जन्माला घालतो.

आणि शोधात काहीच न मिळणं म्हणजे फोटो नवा किंवा खरा असल्याचा पुरावा नव्हे. फक्त शोध रिकामा गेला, इतकंच.

खरोखर जोडकाम केलेले फोटोही असतात, नाही असं नाही. पुराच्या पाण्यात महामार्गावर पोहणारा शार्क हा त्यातला मानकरी. तो शार्क २००३ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या समुद्रात टिपलेल्या एका प्रसिद्ध छायाचित्रातून उचललाय. मूळ चित्रात तो एका कयाकच्या (छोट्या होडीच्या) मागे आहे. २०११ च्या आयरीन चक्रीवादळापासून तो प्रत्येक मोठ्या पुरात नव्या रस्त्यावर पोहतो. शार्कची पोझ मात्र तीच.

---

खगोलवेडी

वर फोटोंचं छान आलंय. मी मजकुराबद्दल लिहिते, कारण फोटो नसलेली ढकलपत्रं तपासायला लोकांना जास्त जड जातात.

एकच नमुना घेऊन उलगडते. ‘२७ ऑगस्टच्या रात्री मंगळ पृथ्वीच्या इतक्या जवळ येणार की तो साध्या डोळ्यांना पौर्णिमेच्या चंद्राएवढा दिसणार, आकाशात दोन चंद्र!’ दर ऑगस्टमध्ये हे उगवतं.

हे शून्यातून बनवलेलं नाही. २७ ऑगस्ट २००३ ला मंगळ खरोखरच पृथ्वीपासून सुमारे ५ कोटी ५७ लाख ५८ हजार किलोमीटरवर आला होता. हजारो वर्षांतलं ते सर्वात कमी अंतर होतं. त्या वेळी फिरलेल्या इंग्रजी मेलमध्ये वाक्य असं होतं की ७५ पट मोठं करून दाखवणाऱ्या दुर्बिणीतून मंगळ तेवढा दिसेल, जेवढा साध्या डोळ्यांना पूर्ण चंद्र दिसतो. हे बरोबर आहे, हिशेब करून बघा. त्या रात्री मंगळाचा दृश्य व्यास होता सुमारे २५.१ विकला (विकला आणि कला ही कोन मोजायची मापं, ६० विकलांची एक कला). गुणिले ७५ केले की होतात १८८२ विकला, म्हणजे साधारण ३१ कला. चंद्राचा व्यास तेवढाच असतो.

मग बिघडलं कुठे? वाक्याचा पहिला अर्धा भाग, म्हणजे ‘७५ पट मोठं करून’, पुढे ढकलताना गळाला. नंतर सालही गळालं. राहिलं ‘२७ ऑगस्टला मंगळ चंद्राएवढा’. सालच नसल्यामुळे ते कधीच शिळं होत नाही.

मजकूर तपासताना म्हणूनच सगळ्यात आधी गळालेले भाग शोधायचे. कुठलं साल? कुठलं ठिकाण? ‘आज रात्री’ म्हणजे कुठली रात्र? याच घराण्यातला दुसरा मेसेज बघा: ‘आज रात्री १२:३० ते ३:३० वैश्विक किरण पृथ्वीजवळून जाणार, मोबाईल बंद ठेवा, नासा आणि बीबीसीने सांगितलं आहे.’ तारीख नाही. वेळ आहे, पण कुठल्या देशाच्या घड्याळाची ते नाही. नासाचं नाव आहे, पान नाही. आणि वैश्विक किरण रोज, अष्टौप्रहर, सगळ्या दिशांनी येतच असतात, त्यांना साडेबाराची गाडी पकडायची नसते.

शोधताना काय टाकायचं, हा तुमचा खरा प्रश्न. सबंध मेसेज टाकू नका. त्यातली न बदलणारी दोन-तीन नामं आणि एक आकडा उचला. वरच्या उदाहरणात: मंगळ, चंद्राएवढा, २७ ऑगस्ट. आधी मराठीत शोधा, मग तेच शब्द इंग्रजीत. मराठीतली पुष्कळ ढकलपत्रं इंग्रजीवरून किंवा हिंदीवरून उतरलेली असतात आणि त्यांची चिरफाड आधी त्या भाषेत झालेली असते. ‘आपणांस विनंती की जास्तीत जास्त शेअर करून पुण्य कमवा’ अशी भाषांतराची शिवण दिसली की मूळ दुसरीकडे शोधायचं.

मराठीत शोधताना शुद्धलेखनाचाही घोळ असतो. ‘व्हिडिओ’ आणि ‘व्हिडीओ’, ‘कॅन्सर’ आणि ‘कर्करोग’ वेगवेगळे निकाल देतात. दोन्ही टाकून बघा. मजकूर चित्रात असेल तर लेन्स तो उचलून देतं, पण रफार आणि जोडाक्षरं चुकवतं. ती दुरुस्त केल्याशिवाय शोधू नका.

आकडे भाषांतरात नेहमी मार खातात. मिलियन म्हणजे दहा लाख, बिलियन म्हणजे शंभर कोटी, म्हणजेच अब्ज. ‘५ मिलियन’चे ‘५ लाख’ आणि ‘२ बिलियन’चे ‘२ कोटी’ झालेले सर्रास दिसतात. तेव्हा आकडा अविश्वसनीय वाटला तर आधी शून्यं मोजा. कधीकधी बातमी खरी असते, भाषांतरकार कच्चा असतो.

---

अर्धविराम

मंगळाचा हिशेब करून बघितला, जमला. औषधोपचाराच्या मेसेजांनाही हेच लागू होतं का? तिथे ‘संशोधनात सिद्ध झालं आहे’ असं असतं आणि कधी खरंच एखाद्या शोधनिबंधाचा दुवाही असतो.

---

निरभ्र

दुवा असेल तर चार गोष्टी बघायच्या. प्रयोग कुणावर केला: माणसांवर, उंदरांवर की काचेच्या बशीतल्या पेशींवर? बशीत कर्करोगाच्या पेशी मारणारे पदार्थ ढिगाने आहेत, ब्लीचही मारतं. माणसं किती होती? तुलनेला दुसरा गट होता का? आणि निबंध मागे घेतला गेलाय का?

शेवटचं सगळ्यात कमी लोक बघतात. लस आणि ऑटिझमचा संबंध सुचवणारा वेकफिल्डचा निबंध १९९८ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला, १२ मुलांवरचा. २०१० मध्ये लॅन्सेटने तो मागे घेतला. पण ‘लॅन्सेटमध्ये छापून आलंय’ हे वाक्य आजही फिरतं आणि ते तांत्रिकदृष्ट्या खोटंही नाही! पबमेड या वैद्यकीय निबंधांच्या सूचीत निबंधाचं नाव टाकलं की मागे घेतलेल्या निबंधावर तसा ठळक शेरा दिसतो. त्याला अर्धा मिनिट लागतो.

आणि टक्केवारी. ‘धोका ५० टक्क्यांनी वाढतो’ वाचलं की विचारायचं, कितीवरून किती? दहा हजारांत २ चे ३ झाले तरी वाढ ५० टक्केच असते.

---

पाटीपेन्सिल

व्हिडिओ आणि स्क्रीनशॉट.

व्हिडिओ सबंध शोधता येत नाही, त्याच्या चौकटी शोधाव्या लागतात. संगणक असेल तर इनव्हिड-वीव्हेरिफाय हे ब्राउझरचं जोडसाधन व्हिडिओतल्या मुख्य चौकटी आपोआप काढून देतं. मोबाईलवर हाताने करा. व्हिडिओ थांबवत तीन-चार ठिकाणचे स्क्रीनशॉट घ्या (इथे इलाज नाही) आणि मुद्रितशोधक यांनी सांगितलं तसे कातरा. कुठल्या चौकटी? माणसांच्या गर्दीच्या नकोत, गर्दी सगळीकडे सारखीच दिसते. पाटी, वेगळ्या घडणीची इमारत, गाडीची नंबरप्लेट, गणवेश, डोंगराची कड असलेल्या घ्या. पहिली चौकट जरूर घ्या, तीच बऱ्याच ठिकाणी व्हिडिओचं मुखचित्र म्हणून वापरली जाते आणि शोधात लागते.

मग व्हिडिओ दोनदा बघा. एकदा आवाज बंद करून, एकदा डोळे मिटून. आवाज वरून चिकटवलेला असेल तर डोळे मिटल्यावर कळतं: लोक एका भाषेत बोलताहेत आणि पाट्या दुसऱ्या भाषेत, किंवा गर्दीचा गोंगाट दर आठ सेकंदांनी तोच.

युद्धाचे व्हिडिओ असतील तर व्हिडिओगेम धरूनच चाला. आर्मा ३ या गेमची दृश्यं खऱ्या युद्धाची म्हणून इतकी फिरली की गेम बनवणाऱ्या बोहेमिया इंटरॅक्टिव्हने नोव्हेंबर २०२२ मध्ये ओळखायच्या खुणाच जाहीर केल्या. दर्जा मुद्दाम खालावलेला, कॅमेरा हलता, बहुतेक वेळा रात्र, आवाज नसल्यात जमा आणि हलतीफिरती माणसं जवळपास नाहीत. माणसांची हालचाल गेममध्ये लगेच उघडी पडते, म्हणून ती टाळलेली असते.

आता ट्विटचा स्क्रीनशॉट. स्क्रीनशॉट हा पुरावाच नाही, इथून सुरुवात करा. संगणकाच्या ब्राउझरमध्ये कुठल्याही पानावरचा मजकूर दोन क्लिकमध्ये बदलता येतो, फोटोशॉपही लागत नाही. म्हणून अक्षरवळण, निळी खूण, लाइकचे आकडे तपासत बसू नका. त्या खात्यावर जा, ते ट्विट शोधा. नसेल तर ‘पुसून टाकलं’ हे उत्तर ठरलेलंच असतं. मग वेबॅक मशीनवर (संकेतस्थळांच्या जुन्या प्रती साठवणारं ठिकाण) त्या खात्याचं पान टाकून त्या दिवसाची प्रत आहे का बघा. खरंच गाजलेलं आणि नंतर पुसलेलं ट्विट असेल तर त्याला आलेली उत्तरं, त्याची टिंगल, त्यावरच्या बातम्या मागे उरतात. लाखो लाइक असलेल्या ट्विटवर एकही माणूस काही बोललेला नाही, असं होत नाही.

स्क्रीनशॉटऐवजी दुवा मिळाला असेल तर एक गंमत आहे. दुव्याच्या शेवटी जो लांबलचक आकडा असतो, त्यातच ट्विटची वेळ दडलेली असते. नोव्हेंबर २०१० नंतरच्या सगळ्या ट्विटना हे लागू आहे. तो आकडा ४१९४३०४ ने भागायचा (२ चा २२ वा घात) आणि त्यात १२८८८३४९७४६५७ मिळवायचे. येतात ते १ जानेवारी १९७० पासूनचे मिलिसेकंद. समजा आकडा १ वर १८ शून्यं असा आहे. भागाकार २३८४१८५७९१०१, बेरीज १५२७२५३५५३७५८. ही वेळ होते २५ मे २०१८, ग्रीनिच वेळेनुसार दुपारचे १ वाजून ५ मिनिटं ५३ सेकंद. ट्विट नंतर पुसलं तरी आकडा बदलत नाही. ‘घटनेच्या आदल्या दिवशीच यांनी ट्विट केलं होतं’ हा कटाचा आरोप यातून बऱ्याचदा विरघळतो, कारण स्क्रीनशॉटवर दिसणारी वेळ बघणाऱ्याच्या देशातली असते. आदला दिवस फक्त दोन देशांच्या घड्याळांतल्या फरकामुळे पडलेला असतो.

बऱ्याच मोबाईलचं साधं गणकयंत्र एवढे अंक धरत नाही, गूगलच्या शोधपट्टीत हिशेब टाकला तरी शेवटचे अंक गोल होतात. मिनिटापर्यंतच्या वेळेला त्याने फरक पडत नाही.

---

लघुकोन

वरच्या सगळ्यांशी सहमत, पण एआयचा प्रश्न कुणी घेतला नाही. त्यासोबत मेटाडेटाचाही (फोटोच्या फाईलमध्येच नोंदलेल्या माहितीचा) एक गैरसमज काढायला हवा.

‘फोटोचा मेटाडेटा बघा, तारीख आणि जागा कळते’ असा सल्ला सर्वत्र मिळतो. व्हॉट्सअ‍ॅप, फेसबुक, एक्स (पूर्वीचं ट्विटर) हे सगळे फोटो चढवताना ती माहिती काढून टाकतात. ढकलपत्रातल्या फोटोत ती सापडणारच नाही. न सापडणं हे संशयास्पदही नाही. मूळ फाईल डॉक्युमेंट म्हणून पाठवली असेल तरच काही हाती लागतं, आणि ती माहितीही बदलता येतेच.

तसंच ‘एरर लेव्हल अ‍ॅनालिसिस’चं. फोटोतलं जोडकाम उघड करण्यासाठी हे वापरतात. फोटो टाकला की चमकणारे ठिपके दिसतात आणि लोक ‘बघा, इथे जोड आहे’ म्हणतात. जेपेग फोटो दहा वेळा ढकलला की दहा वेळा दाबला जातो आणि त्या आवर्तनांत जोडाची खूण पुसली जाते. उलट गडद कडा आणि अक्षरं निरागस फोटोतही चमकतात. ज्याला ते वाचता येतं त्यानेच वापरावं. बाकीच्यांच्या हातात ते ज्योतिष होतं.

एआय ओळखणारी संकेतस्थळं: ‘८७ टक्के एआय’ असा निकाल देणाऱ्या साधनांवर निवाडा सोडू नका. आकार कमी केला, स्क्रीनशॉट काढला, थोडा धूसर केला की तोच फोटो वेगळा टक्का दाखवतो. आणि खरे फोटो एआय ठरवण्याची चूक जास्त महागात पडते, कारण खऱ्या पुराव्यालाही ‘हे एआय आहे’ म्हणून झटकायची सोय होते.

बोटं मोजायचे दिवसही सरले. मार्च २०२३ मध्ये पोप फ्रान्सिस यांचा फुगीर पांढऱ्या कोटातला, मिडजर्नी या एआय साधनाने बनवलेला फोटो फिरला, तेव्हा हातातला पेला नीट धरलेला नव्हता आणि गळ्यातली साखळी एकाच बाजूला दिसत होती. आताची साधनं असल्या चुका क्वचित करतात.

खुणा पेरण्याच्या दोन पद्धती आहेत, त्यांच्या मर्यादांसह लक्षात ठेवा. गूगलचं सिंथआयडी हे चित्रात अदृश्य खूण टाकतं, पण गूगलच्या साधनांनी बनवलेल्यात प्रामुख्याने. सी२पीए ही फाईलसोबत जाणारी ‘जन्मपत्रिका’ आहे, कुठल्या कॅमेऱ्यातून किंवा साधनातून आली ते सांगणारी. स्क्रीनशॉट काढला की पत्रिका गळते. म्हणजे खूण सापडली तर उपयोग आहे, न सापडली तर काहीही सिद्ध होत नाही.

मग करायचं काय? फोटोतल्या घटनेचा माग काढा. २२ मे २०२३ ला पेंटागॉन या अमेरिकी संरक्षण मुख्यालयाजवळ स्फोट झाल्याचा बनावट फोटो आला आणि अमेरिकी शेअरबाजार काही मिनिटं खाली गेला. फोटो न्याहाळायची गरजच नव्हती. अशा ठिकाणी खराखुरा स्फोट झाला असता तर दहा कोनांतून पन्नास माणसांनी चित्रित केला असता. इथे एकच फोटो होता, एकाच कोनातून. मोठी घटना आणि एकुलता एक फोटो, हे गणित जुळत नाही.

---

निरभ्र

लघुकोन यांच्या शेवटच्या मुद्द्याला पुस्ती. यालाच आडवं वाचन म्हणतात: समोरचं पान खोलात वाचण्याऐवजी नवीन टॅब उघडून ‘या पानाबद्दल इतर काय म्हणतात’ ते बघणं. स्टॅनफर्डच्या सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी इतिहासाचे प्राध्यापक, विद्यार्थी आणि व्यावसायिक तथ्यतपासनीस यांना तीच संकेतस्थळं तपासायला दिली होती. प्राध्यापक पान वरपासून खालपर्यंत वाचत बसले आणि देखण्या लोगोंना फसले. तपासनीसांनी काही क्षणांतच पान सोडून बाहेर शोधायला सुरुवात केली. निकाल त्यांचे लवकर आले आणि बरोबर आले.

---

दुपारची झोप

चौथा प्रश्न, म्हणजे सांगायचं कसं. इथे बहुतेक जण सगळं काम बरोबर करून शेवटी माती करतात.

१९९४ मधला जॉन्सन आणि सायफर्ट यांचा प्रयोग याच प्रश्नाचा आहे. लोकांना एका गोदामाच्या आगीची बातमी तुकड्यातुकड्याने वाचायला दिली. आधी सांगितलं की कपाटात तेलरंग आणि गॅसच्या टाक्या होत्या. नंतर दुरुस्ती आली की कपाट रिकामं होतं. लोकांनी दुरुस्ती वाचली, लक्षातही ठेवली, तरी ‘एवढा काळा धूर का?’ विचारल्यावर पुन्हा तेलरंगांकडेच गेले. मात्र ज्यांना कपाट रिकामं असल्याबरोबर आग लावण्याचं साहित्य सापडल्याचंही सांगितलं, त्यांचे तेलरंगांचे उल्लेख घटले.

म्हणून नुसतं ‘हे खोटं आहे’ लिहिलं की डोक्यात भोक पडतं आणि जुनी गोष्ट परत येऊन ते भोक भरते. खोटं काढलं तिथे खरं बसवावं लागतं.

मांडणीचा क्रम असा ठेवा: आधी खरी गोष्ट, मग खोटी गोष्ट एकदाच, मग ती कशी बनली, शेवटी पुन्हा खरी गोष्ट. मंगळाचंच उदाहरण घेते:

‘मंगळ कितीही जवळ आला तरी साध्या डोळ्यांना ठिपकाच दिसतो, चंद्राच्या व्यासाच्या पंचाहत्तराव्या भागाएवढा. सध्या फिरणारा “मंगळ चंद्राएवढा दिसणार” हा मेसेज २००३ चा आहे आणि त्यातले “७५ पट मोठं केल्यावर” हे शब्द गळाले आहेत. मंगळ बघायचा असेल तर न लुकलुकणारा लालसर ठिपका शोधा.’

यात ‘फेक’, ‘अंधभक्त’, ‘जरा डोकं वापरा’ यांपैकी काही नाही. कोणी पाठवलं तेही नाही.

शीर्षकात प्रश्नचिन्ह लावून खोटा दावा लिहू नका. ‘मंगळ चंद्राएवढा दिसणार?’ हे वाचणाऱ्याच्या ध्यानात राहतं ते मंगळ आणि चंद्राएवढा. वारंवार कानावर पडलेलं वाक्य खरं वाटू लागतं, हे हॅशर, गोल्डस्टीन आणि टोपिनो यांनी १९७७ मध्येच दाखवलंय. खोटा फोटो दाखवायचाच असेल तर त्यावर आडवी जाड फुली मारा. कोपऱ्यातला छोटा शिक्का चालत नाही, पुढचा माणूस तो कातरून मोकळा होतो.

‘दुरुस्ती केली की लोक उलटे जास्तच अडून बसतात’ असंही ऐकू येतं. २०१० च्या नायहन-राइफ्लर यांच्या निबंधात तसं दिसलं होतं खरं. पण वुड आणि पोर्टर यांनी दहा हजारांहून अधिक लोकांवर ५२ विषयांत ते पुन्हा तपासलं तेव्हा तो परिणाम जवळपास सापडलाच नाही. तेव्हा सांगायला घाबरू नका.

आणि पाठवणाऱ्याला आधी खासगीत कळवा. त्याने स्वतः मागे घेतलं तर ग्रुपवर तंटा उरत नाही. पण काही तास वाट बघून त्याने काही केलं नाही तर ग्रुपवर लिहाच, कारण तुमचं खासगी उत्तर बाकीच्या एकशे अठ्ठेचाळीस जणांनी वाचलेलं नसतं.

---

अर्धविराम

हे सोन्यासारखं आहे, धन्यवाद. आता अ‍ॅडमिन म्हणून सेटिंगमध्ये काय करता येईल? दुहेरी बाण दिसला की सरळ पुसून टाकावं का?

---

पाटीपेन्सिल

दुहेरी बाणाचा अर्थ नीट समजून घ्या. निदान पाच टप्प्यांची साखळी पार करून आलेल्या मेसेजला ‘अनेक वेळा फॉरवर्ड केलेला’ ही खूण लागते. एप्रिल २०२० पासून असा मेसेज एका वेळी एकाच चॅटमध्ये पुढे पाठवता येतो. त्याआधी, जानेवारी २०१९ पासून, साध्या फॉरवर्डला जगभर पाचची मर्यादा आहे. खूण खोटेपणाची नाही, प्रवासाची आहे. वाढदिवसाचा विनोदही दुहेरी बाणाने येतो.

उलट बाजूही आहे. मजकूर कॉपी करून नव्याने चिकटवला किंवा व्हिडिओ उतरवून पुन्हा चढवला की खूण पुसली जाते आणि मोजणी शून्यापासून सुरू होते. ‘हा मेसेज फॉरवर्ड न करता कॉपी-पेस्ट करा’ अशी सूचना ज्या मेसेजात असते, त्याच्या लेखकाला हे बरोब्बर माहीत असतं. ती सूचना मात्र दुहेरी बाणापेक्षा मोठी खूण धरा.

अ‍ॅडमिनला कोणाचाही मेसेज सगळ्यांसाठी पुसता येतो, पण ‘अ‍ॅडमिनने पुसला’ अशी ओळ मागे राहते आणि मग ‘का पुसला’वर शंभर मेसेज पडतात. तातडीचा धोका असेल, म्हणजे घातक औषधोपचार किंवा कुणाचा फोटो लावून ‘हाच तो चोर’, तर पुसा. आणि लगेच खाली कारण लिहा. बाकीच्यांना उत्तर देणं पुरतं, तेही मूळ मेसेजला जोडून, सुटं नव्हे.

सदस्यांना फोटो-व्हिडिओ आपोआप उतरणं बंद करायला सांगा. गॅलरीत पडलेला व्हिडिओ महिन्याभराने कुठून आला ते आठवत नाही आणि मग तो ‘माझ्याकडचा’ म्हणून निघतो.

---

मुद्रितशोधक

एक राहिलं. तीच ढकलपत्रं ऋतुमानाप्रमाणे परत येतात, म्हणून एक वही ठेवा, फोनमधली नोंद चालेल. प्रत्येकासाठी चार रकाने: मेसेजची पहिली ओळ जशीच्या तशी (शोधायला तीच लागते), पहिल्यांदा आला ती तारीख, काय निघालं, आणि आधार दिलेल्या पानाचा दुवा. दुवा नोंदवताना ते पान वेबॅक मशीनवर जतन करून त्या प्रतीचा दुवाही लिहा. संकेतस्थळं आपली जुनी पानं हलवतात, आणि पुढच्या ऑगस्टला नेमका तोच दुवा उघडत नाही.

काय निघालं या रकान्यात ‘खरं’ आणि ‘खोटं’ एवढेच दोन कप्पे करू नका. ‘खरं पण जुनं’, ‘खरं पण दुसरीकडचं’, ‘अर्धं वाक्य’ आणि ‘ठरवता आलं नाही’ हेही लागतात. शेवटचा कप्पा सुरुवातीला बराच भरतो.